विवाहित प्रवासी आणि गोव्याचा गाईड: संथ प्रेमकथा दिवाडीत घडवावी, फोंड्यात की सत्तरीत?

लग्न झालेली बाई एकटी गोव्याला येते, तिला गाव दाखवायला एक स्थानिक गाईड मिळतो, आणि दोघांत हळूहळू काहीतरी रुजत जातं. क्वचित प्रवासी पुरुष असतो आणि गाईड बाई. हे कथाबीज मराठीत लिहिणाऱ्यांना वारंवार भुरळ घालतं आणि बीज खरोखरच चांगलं आहे. बिघडतं ते बहुतेकदा जागेच्या निवडीत. लेखक डोळे झाकून कळंगुटचा नाहीतर बागाचा किनारा धरतो. मग शॅक येतो, सूर्यास्त येतो, बिअर येते आणि चौथ्या पानावर दोघं मिठीत असतात. संथपणा तिथेच संपला. शिवाय किनाऱ्यावर गाईड लागतोच कशाला? भाड्याची स्कूटर आणि मोबाइलवरचा नकाशा पुरतो. तेव्हा किनारा सोडून द्या.

उरतात तीन जागा: जुनं गोवं आणि समोरचं दिवाडी बेट, फोंड्याचा देवळांचा पट्टा, आणि सत्तरी तालुक्याचं रान. यातली कुठली घ्यायची हे ठरवताना मी दोनच गोष्टी बघते. दोघांना पुन्हा पुन्हा भेटायला चारचौघांत सांगता येईल असं कारण तिथे मिळतं का? आणि गाईडचं काय पणाला लागतं? प्रवाशाचं लग्न पणाला लागतं हे कोणी विसरत नाही. गाईडला मात्र आपण बऱ्याचदा निव्वळ देखणा वाटाड्या करून टाकतो. ती निघून जाणार असते. त्याला त्याच गावात, त्याच तिठ्यावर उभं राहून दुसऱ्या दिवशी चहा प्यायचा असतो.

जुनं गोवं आणि दिवाडी

जुन्या गोव्यातला गाईड म्हणजे पाठांतराचा माणूस. बॉम जीझस बासिलिकेच्या दारात उभा राहून तो घडाघडा बोलतो: बांधकाम 1594 ते 1605, सेंट फ्रान्सिस झेवियरचा मृत्यू 1552 साली चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर, दर दहा वर्षांनी शवप्रदर्शन, मागचं 21 नोव्हेंबर 2024 ते 5 जानेवारी 2025. रस्ता ओलांडला की से कॅथेड्रल आणि 1776 मध्ये कोसळलेला त्याचा एक मनोरा. विनोदही ठरलेले आणि ते सांगायच्या जागाही ठरलेल्या. कथाकाराला ही फार मोठी सोय आहे, कारण ओढ दाखवायला स्पर्श लागत नाही. गाईड पाठांतर सोडून बोलायला लागला की वाचकाला कळतं.

सेंट ऑगस्टिनच्या पडक्या मनोऱ्याचं उदाहरण घ्या. जांभ्या दगडाचा हा मनोरा 46 मीटर उंच आहे. इथल्या अवशेषांत जॉर्जियाची राणी केतेवान हिच्या अस्थी सापडल्या. 1624 मध्ये इराणात शिराझला तिला हालहाल करून मारलं आणि ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिचे अवशेष गोव्यात आणले. 2013 मध्ये डीएनए चाचणीने ओळख पटली, 2021 मध्ये भारताने त्यांतला एक भाग जॉर्जियाला दिला. हे सगळं गाईड दोन मिनिटांत उरकतो. समजा, ती विचारते, "मारण्याआधी किती वर्षं कैदेत होती?"

"दहाएक."

"दहा वर्षं दिवसभर काय करत असेल हो ती?"

तो गप्प. मग म्हणतो, "हे आजवर कोणी विचारलं नाही मॅडम."

तीन दिवसांनी ती पुन्हा आली तर त्याच्याकडे काहीतरी उत्तर असायला हवं. कुठून तरी वाचलेलं, कोणा पाद्र्याला विचारलेलं, अर्धवट का असेना. संथ प्रेमकथेत एवढ्यावर दहा पानं निघतात.

मग दिवाडी. बेटाला पूल नाही, फेरीबोटीनेच जायचं. व्हाईसरॉयच्या कमानीतून खाली उतरलं की धक्का. पलीकडे पोचायला काही मिनिटंच लागतात, पण त्या मिनिटांत माणसं आपापल्या दुचाकीला टेकून उभी असतात. बसायला जागा शोधायच्या फंदात कोणी पडत नाही. गाईड जर पायलट असेल, म्हणजे पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल भाड्याने चालवणारा, तर आणखी एक फायदा. मागच्या सीटवरून बोलताना समोरच्याचा चेहरा दिसत नाही. अनेक गोष्टी माणूस चेहरा दिसत नसतानाच बोलतो.

मराठी लेखकाला दिवाडीत आणखी एक धागा हाती लागतो. सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ याच बेटावर होतं. पोर्तुगीजांनी ते पाडल्यावर देव नदीपलीकडे डिचोलीतल्या नार्व्याला गेला, आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. दिवाडीहून नार्व्यालाही फेरी जाते. म्हणजे एका सकाळी दोन फेऱ्या पकडून देवाच्या मागे मागे जाता येतं. याचं प्रतीक मात्र करू नका. वाचक आपापलं करून घेतो.

दिवाडीची अडचण वेगळी आहे. ही जागा फारच सुंदर आहे आणि इथे कोणाला कोणाचं पडलेलं नाही. जुन्या गोव्यात रोज बसच्या बस उतरतात. एक गाईड एका बाईबरोबर चार दिवस दिसला तर त्याचे सोबती फार तर डोळा मारतील. त्याचं जवळजवळ काहीच पणाला लागत नाही. भेटीही एका मुक्कामातच आटोपतात, कारण एवढं बघून झाल्यावर परत यायला बाईला निमित्त उरत नाही. एका आठवड्याची, पंधरा पानांची कथा असेल तर दिवाडी झकास. कादंबरी इथे दम तोडते.

फोंडा

मराठी कथेत ही जागा जवळजवळ वापरलीच जात नाही याचं मला नवल वाटतं. मुंबई-पुण्याची, बेळगावची, कारवारची कितीतरी घरं गोव्याला समुद्रासाठी येतच नाहीत, कुलदैवताला येतात. मंगेशी, म्हार्दोळची म्हाळसा, कवळ्याची शांतादुर्गा, बांदोड्याची महालक्ष्मी, नागेशी. सोळाव्या शतकात गोव्यातल्या सासष्टीतली देवळं पाडली जाऊ लागली तेव्हा कुठ्ठाळीहून मंगेश, केळशीहून शांतादुर्गा आणि वेर्ण्याहून म्हाळसा असे देव रातोरात पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेर, आजच्या फोंडा तालुक्यात आणले गेले.

कथेच्या दृष्टीने याचा अर्थ असा की प्रवाशाला यायचं कारण आयतंच आहे. तेही दरवर्षी, आणि तेही घरच्यांच्या आग्रहाने. माघातली जत्रा, एखादा नवस, मुलाची मुंज झाल्यावरचं देवदर्शन, सासूबाईंची महापूजा. भेट वर्षातून एकदा आणि प्रत्येक वेळी अख्खं कुटुंब सोबत. दहा वर्षांत दहा भेटी. दोन भेटींच्या मध्ये पत्र नाही, फोन नाही. यापेक्षा संथ काय असणार?

पण मग गाईड कोण? देवळात गाईड नसतो, भटजी असतात. उत्तर शेजारीच आहे. फोंड्याच्या आसपास सावई-वेरे, केरी, कुर्टी भागात मसाल्यांच्या बागा पर्यटकांना दाखवतात. मुळात ती कुळागरं: पोफळी, माड, मिरवेली, जायफळ, केळी आणि मधून खेळवलेलं पाटाचं पाणी. माणशी पैसे भरायचे, बाग हिंडायची, शेवटी केळीच्या पानावर जेवण. बाग दाखवायला बऱ्याचदा गावातल्याच मुली-बाया असतात. इथे मी भूमिका उलट्या करीन. गाईड ती, प्रवासी तो. देवदर्शन उरकून बायको-मुलं-आई अशा लवाजम्यासह तो बागेत येतो. ती सगळ्यांना व्हॅनिलाची वेल दाखवते, सांगते की फूल एकच सकाळ उमलतं आणि तेवढ्यात हाताने परागीकरण केलं नाही तर शेंग धरत नाही. धरली तर पिकायला आठ-नऊ महिने. त्याची बायको विचारते, "घरी कुंडीत येईल का हो?" तो काहीच विचारत नाही. पुढच्या वर्षी तो विचारतो की मागच्या वर्षीच्या त्या शेंगेचं काय झालं.

ही जागा निवडलीत तर एक धोका पत्करावा लागेल. इथे बायको सतत हजर आहे. तिला कजाग, संशयी किंवा बावळट करून नायकाला सोडवण्याचा मोह होईल. ती चांगली, गप्पिष्ट, गाईड-बाईशी मैत्री करणारी असेल तरच कथेला धार येते. दुसरा मोह कौलाचा. देवाच्या अंगावर फुलाच्या पाकळ्या लावतात, प्रश्न विचारतात आणि उजवीकडची पडली की डावीकडची यावरून देवाचं म्हणणं समजून घेतात. विवाहित माणूस मनातला प्रश्न भटजींना सांगू शकत नाही, म्हणून धंद्याविषयी काहीतरी खोटंच विचारतो आणि कौल उजवा मिळतो. हा प्रसंग एकदाच वापरा, पण वापरा जरूर.

सत्तरी

कादंबरी लिहायची असेल तर माझं मत सत्तरीला.

एक तर अंतर. चोर्ला घाट उतरला की बेळगावचा माणूस सत्तरीत. सकाळी निघून संध्याकाळी घरी परतता येतं. पुण्या-मुंबईची नायिका आठ दिवसांची रजा काढून येणार आणि ते आठ दिवस संपले की लेखकाला तिला परत आणण्यासाठी काहीतरी जुळवाजुळव करावी लागणार. बेळगावची नायिका, समजा वनस्पतिशास्त्र शिकवणारी प्राध्यापिका, दर पंधरवड्याला येऊ शकते. कामाची वही हातात, घरी सांगायला कारण पक्कं, रात्रीचं जेवण नवऱ्याबरोबर. खोटं बोलायची वेळ कितीतरी उशिरा येते. अशा कथेत वाचक त्या पहिल्या खोट्याचीच वाट बघत असतो.

दुसरं, गाईड. म्हादई अभयारण्य 1999 मध्ये जाहीर झालं, क्षेत्र 208 चौरस किलोमीटर. आत गावं आहेत, काजूच्या बागा आहेत, पिढ्यानपिढ्यांचे जमिनीचे वाद आहेत. 2020 च्या जानेवारीत गोळावलीत चार वाघ मेलेले सापडले, विषाने. 2023 मध्ये उच्च न्यायालयाने इथे व्याघ्र प्रकल्प जाहीर करा म्हणून आदेश दिला आणि वाद आणखी चिघळला. अशा गावातला जो पोरगा बाहेरच्यांना रान दाखवतो तो दोन्हीकडून कात्रीत असतो. वनखात्याला तो गावाचा वाटतो आणि गावाला वनखात्याचा. त्यात तो बाहेरच्या, लग्न झालेल्या बाईबरोबर आठवड्याआड रानात जातो म्हटल्यावर गावच्या मांडावर, म्हणजे सगळे जमतात त्या जागी, काय बोलणं होईल याची कल्पना करा. त्याची आई, त्याचं ठरत आलेलं लग्न, देवळातला त्याचा मान, सगळंच डावावर. दिवाडीच्या गाईडकडे यातलं काही नाही.

आणि इथे दोघांना एकांत मिळत नाही. शहरातल्या लेखकाला उलट वाटतं: रान म्हणजे एकांत. प्रत्यक्षात वाटेवर लाकडं आणणाऱ्या बाया भेटतात, गुरं राखणारा भेटतो, काजूच्या दिवसांत तर बोंडं गोळा करणाऱ्यांनी बागा भरलेल्या असतात. प्रत्येक जण थांबून विचारतो, "खंय चल्लो रे?" आणि बाईकडे बघून घेतो. मोबाइलची रेंज मात्र जाते. नवऱ्याचा फोन लागत नाही, पण गावाला सगळं दिसतं. ही जोडी लेखकाला आणखी कुठे मिळणार?

रानातली एक जागा जवळून दाखवायची तर तांबडी सुर्लाचं महादेवाचं देऊळ. तालुका बदलतो, पण सत्तरीच्या गाईडला ते परकं नाही. बारा-तेराव्या शतकातलं, कदंब राजांच्या काळातलं, काळ्या पाषाणातलं. आडरानात असल्यामुळे वाचलं असं म्हणतात. मंडपातल्या नंदीला डोकं नाही. एका खांबाच्या तळाशी घोड्याला तुडवणारा हत्ती कोरलाय, छतावर कमळ. ती कमळाचा फोटो काढायला मान वर करते. तो इतक्या वेळा आलाय की त्याचं लक्ष नंदीकडे. "याचं डोकं कोणी नेलं?" तो म्हणतो, "आजी सांगायची, हा रात्री उठून रानात चरायला जातो. डोकं तिथंच विसरून आलाय." अशी थाप तो एरवी पर्यटकांना मारत नाही, जरा लाजतोच. दिवाडीचा गाईड पाठांतर सोडतो तेव्हा जे घडतं ते इथे असं घडतं. इथे पाठांतर मुळातच नव्हतं, त्यामुळे फरक आणखी बारीक आहे आणि तो दाखवायला लेखकाचा हात चांगला हवा. नवख्याने दिवाडीपासून सुरुवात करावी म्हणते ती याचसाठी.

सत्तरीच्या गाईडचं मराठीही लक्षात घ्या. घरी कोंकणी, पण शाळेत मराठी, देवळात मराठी आरती, आणि जत्रेत रात्रभर चालणारं मराठी नाटक. त्याने गावच्या नाटकात संभाजी केलेला असू शकतो. त्याच्या तोंडी "हाव तुजो मोग करता" असली पर्यटकी कोंकणी घालू नका. असल्या प्रसंगी तो बहुधा नाटकातलं मराठी बोलेल आणि त्याचं त्यालाच हसू येईल.

ऋतू कुठला

जागेइतकाच महत्त्वाचा, तरी थोडक्यात. ऑक्टोबर ते मे गाईडचा हंगाम. त्याचा प्रत्येक तास विकला गेलेला असतो, म्हणजे दोघांच्या मध्ये पैसा कायम उभा. पावसाळ्यात दूधसागरच्या जीप बंद, पर्यटक तुरळक, गाईड रिकामा. जूनमध्ये तो तिच्याबरोबर हिंडला तर त्याचे पैसे घ्यायचे का, असा प्रश्न त्याला पहिल्यांदा पडतो. संथ कथेचा मध्य पावसात ठेवावा असं मला वाटतं ते या प्रश्नासाठी. हिरवळीचं वर्णन दोन ओळींत आटपा. जळवा मात्र विसरू नका.

मग चवथ येते. गोव्यात चतुर्थीला प्रत्येक जण मूळ घरी. गाईड रानातून माटोळीसाठी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या मांडवीसाठी, फळं-पानं गोळा करण्यात बुडालेला, आणि बेळगावच्या किंवा पुण्याच्या विवाहित बाईला तर घरचे गणपती-गौरी सोडून हलताच येत नाही. कोणी कोणाला नकार न देता दोघं आपापल्या देव्हाऱ्यासमोर जातात. ताटातुटीसाठी भांडण, अपघात, आजारपण शोधत बसणाऱ्या लेखकांनी हे दहा दिवस वापरून बघावेत.

काळ कुठला

आजच्या काळात लिहायची की मागे न्यायची? 27 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने भारतीय दंड संहितेचं कलम 497 रद्द केलं. त्याआधी दुसऱ्याच्या बायकोशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषावर तिच्या नवऱ्याच्या तक्रारीवरून फौजदारी खटला चालू शकत होता. बाई आरोपी होत नसे. म्हणजे कथा 2010 ची असेल तर गाईडला तुरुंगाची भीती आहे आणि तिला नाही. हा असमतोल कथेला उपयोगी पडतो.

गाईडही विवाहित ठेवायचा असेल तर गोव्याचा नागरी कायदा बघून घ्या. 1867 च्या पोर्तुगीज संहितेतून आलेल्या व्यवस्थेत, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते, निम्मी-निम्मी. राहतं घर, बाग, सगळ्यात बायकोचा वाटा, आणि तिच्या संमतीशिवाय त्याला ते विकता येत नाही. त्यामुळे 'सगळं सोडून तुझ्याबरोबर येतो' हे वाक्य गोव्याच्या गाईडच्या तोंडी फार हलकं वाटेल, जर त्या 'सगळ्या'त काय काय येतं हे लेखकालाच ठाऊक नसेल.

जुना काळ घेतला तर मोबाइल नसल्याने विरह फुकट मिळतो. मला स्वतःला आजचा काळ जास्त अवघड आणि म्हणून जास्त मजेचा वाटतो. यूपीआयचंच बघा. तिने गाईडला दर वेळी दिलेले पैसे नवरा-बायकोच्या जोड खात्यातून जातात आणि प्रत्येक वेळी नवऱ्याच्या फोनवर संदेश वाजतो. पावसाळ्यात ते संदेश थांबतात. नवऱ्याला संशय यायचा असेल तर तो तिथे येईल: बायको बेळगावहून सत्तरीला जातेच आहे, पैसे मात्र जात नाहीत.

शेवटचा प्रश्न नवऱ्याचा. त्याला फोनवरच्या आवाजापुरता ठेवायचा की गोव्यात आणायचा? फोंड्यात जोडीदार मुळातच हजर आहे. दिवाडीच्या छोट्या कथेत फोन पुरेल. सत्तरीत मात्र मी त्याला आणीन, उशिरा, शंभरेक पानांनंतर, आणि भांडायला नव्हे. तो सुट्टी काढून येतो, "तुझं रान बघू तरी" म्हणतो, आणि गाईडलाच दोघांना फिरवावं लागतं. गाईड त्याला "साहेब" म्हणतो, तिला दिवसभर "वहिनी". तांबडी सुर्लाला नवरा नंदीकडे बोट दाखवून विचारतो, याचं डोकं कुठं गेलं? त्या वेळी गाईड आजीची गोष्ट सांगतो की "माहीत नाही साहेब" म्हणतो, आणि संध्याकाळी नवऱ्याने पुढे केलेले पैसे घेतो की नाही, एवढं लिहायला बसण्यापूर्वी ठरवून ठेवा. जागा कुठलीही घ्या, मधली शंभर पानं त्यावरून उलटी रचता येतात.